राजाची एकच उडी

मी राजा बोलतोय. राजा म्हटलं म्हणून उगीच उठून उभे राहू नका. साडेतीन इंच उंची, तळाला हिरव्या लोकरीचा तुकडा आणि मुकुटाचा एक टवका उडालेला, एवढाच माझा थाट. राज्य चौसष्ट घरांचं, त्यातही मी एका वेळी एकच घर चालतो, तेही भीतभीत. सगळी फौज माझ्यासाठी मरते आणि मी कोपऱ्यात दडून बसतो. आमच्या खेळात यालाच शहाणपण म्हणतात.

माझा जन्म लंडनच्या एका लाकूड घडवणाऱ्या कातारी कारागिराच्या दुकानात झाला, १९१० च्या आसपास. पिवळसर, घट्ट लाकडाचे आम्ही सोळा आणि काळे सोळा, अशी बत्तीस भावंडं एका पेटीत निजत होतो. आम्हाला विकत घेतलं एका बारीक चणीच्या, कानटोपी घातलेल्या माणसानं. नाव त्र्यंबक दामले, गाव वाई. छपाईचा धंदा शिकायला सहा महिन्यांसाठी विलायतेला आलेला हा गृहस्थ बारा वर्षं राहिला. दिवसभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे आणि संध्याकाळी आम्हाला मांडायचं, हा त्यांचा नेम.

माणसं मला चेहऱ्यावरून कळत नाहीत, बोटांवरून कळतात. घाबरलेल्या माणसाची बोटं गार पडतात, आणि ज्याला आपण जिंकतोय असं वाटतं तो मला उगीच गोल फिरवत बसतो. त्र्यंबकरावांची बोटं शाईनं काळी आणि कोरडी होती. त्यांनी उचललं की मला धीर यायचा.

वाईला त्यांना बुद्धिबळ शिकवलं थोरल्या बहिणीनं, द्रौपदीअक्कांनी. त्या लहानपणीच विधवा झालेल्या. माजघरातला पट हाच त्यांचा विरंगुळा, आणि धाकटा भाऊ हाच त्यांचा प्रतिस्पर्धी. पण वाईचा खेळ आणि लंडनचा खेळ यांत फरक होता. तिकडं प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर जायचं, आणि राजाला, म्हणजे मला, अख्ख्या डावात एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा होती. इकडं मला हत्तीच्या आडोशाला नेऊन बसवायची निराळीच रीत. पहिल्या महिन्यात लंडनच्या बुद्धिबळ क्लबातल्या लोकांनी त्र्यंबकरावांना धू धू धुतलं. ते चिडले नाहीत. दुसऱ्या वर्षी त्याच लोकांना त्यांनी एकेक करून हरवलं.

१९१३ साली दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातल्या मोठ्या स्पर्धेत ते तिसरे आले. पुढे महायुद्ध संपल्यावर एकाच वेळी वीस जणांशी खेळून दाखवायचे. डाव संपत आलेला, बाजू पडती, प्यादी कमी, अशा वेळी त्यांचं खरं डोकं चाले. हरलेला डाव बरोबरीत सोडवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वर्तमानपत्रात त्यांचे डाव छापून यायचे, आणि छापखान्यातले सोबती ते मुद्दाम त्यांनाच जुळवायला द्यायचे. माझी मान तेव्हा ताठ असायची, हे मी कबूल करतो.

मग १९२२ उजाडलं. तेच किनाऱ्यावरचं गाव, तीच स्पर्धा. तिथल्या क्लबात पट कमी पडले म्हणून त्र्यंबकरावांनी आम्हालाच बरोबर नेलं होतं. सकाळी खानावळीत त्यांना वाईचं पत्र मिळालं. द्रौपदीअक्का गेल्या होत्या, जाऊनही महिना होऊन गेला होता. त्यांनी पत्र घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि डाव खेळायला आले. त्या दिवशी त्यांची बोटं गारही नव्हती आणि गरमही नव्हती, जणू ती तिथं नव्हतीच.

सोळावी चाल. मी माझ्या मूळ घरात उभा होतो. त्यांनी मला उचललं आणि दोन घरं उजवीकडं, एक घर पुढं असं नेऊन ठेवलं. वाईच्या माजघरात अक्कांसमोर हजारदा ठेवलं असेल तसं, अगदी सहज. समोरचा गोरा खेळाडू आधी हसला, मग पंचाला बोलावलं. पंचानं विचारलं, ही काय चाल आहे? त्र्यंबकरावांनी पटाकडे पाहिलं, त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते एवढंच म्हणाले, माफ करा, चूक माझी आहे. हात लागला तोच मोहरा चालवायचा हा नियम. मला वाकडंतिकडं एक घर सरकवावं लागलं, आणि त्यात डाव गेला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की दामले यांनी हातचलाखीचा प्रयत्न केला.

कोणी तुम्हाला ही चाल शिकवली, एवढं त्या खोलीत एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते अक्कांचं नाव तरी घेऊ शकले असते. मला बोलायला तोंड नाही, नाहीतर मीच सांगितलं असतं.

त्यानंतर ते स्पर्धेत कधी उतरले नाहीत. आम्हाला ट्रंकेत घालून वाईला परत आले, छापखाना काढला, उशिरा लग्न केलं. मुलगा झाला, त्याचं नाव जगदीश. हा जगदीश दहा वर्षांचा असताना विलायतेहून परतलेल्या कुणीतरी ते कात्रण गावात आणलं. त्यात चाल कोणती ते नव्हतं, फक्त हातचलाखी हा शब्द होता. शाळेत पोरं त्याला चिडवू लागली. त्यानं घरी येऊन बापाला विचारलं, हे खरं आहे का? त्र्यंबकराव म्हणाले, "चूक माझीच होती." त्यांना म्हणायचं होतं, आपण कुठं बसलोय हे मी विसरलो. पोरानं ऐकलं, बापानं लबाडी केली. बापानंच वाईच्या रीतीनं शिकवलेल्या बुद्धिबळाला त्या दिवसापासून जगदीशनं हात लावला नाही. बापलेक ताटाला ताट लावून जेवत, पण हा विषय निघाला की दोघंही पानात बघत.

म्हातारपणी मात्र त्र्यंबकरावांना नात झाली, कल्याणी. ती पाच वर्षांची झाल्यावर त्यांनी पुन्हा आमची पेटी उघडली. तिला त्यांनी लंडनचा खेळ शिकवला नाही, अक्कांचा शिकवला. मी आयुष्यात सर्वांत जास्त उड्या त्या काळात मारल्या. मुकुटाचा टवकाही तेव्हाचाच, कल्याणीनं जिंकल्याच्या आनंदात मला पायरीवर आपटलं होतं. १९६२ साली त्र्यंबकराव गेले. आमची पेटी कल्याणीकडे आली, आणि ती डॉक्टर होऊन १९७६ साली इंग्लंडला निघाली तेव्हा तिच्या सुटकेसमध्ये स्वेटरांच्या खाली मी परत माझ्या जन्मगावी आलो.

जन्मगावी आलो आणि थेट माळ्यावर गेलो. लंडनच्या ईलिंग भागातल्या कल्याणीच्या घरात तीस वर्षं माझ्या डाव्या हाताला दिवाळीच्या माळा आणि उजव्या हाताला फुटकी इस्त्री. इकडच्या लोकांची एक गंमत आहे. टाकायचं नाही आणि वापरायचंही नाही असं जे काही असतं, ते सगळं माळ्यावर चढवतात आणि वरून थंडी अडवणारं इन्शुलेशन घालतात. कल्याणीला भूल देण्याच्या कामातून उसंत नव्हती. तिचे यजमान चंद्रशेखर जवळच्या स्लाऊ गावात दवाखाना सांभाळत. प्यादं कुठं चालतं हे पाहायला वेळ कुणाला होता?

२००७ च्या एप्रिलमध्ये किनाऱ्यावरच्या त्या क्लबातून पत्र आलं. क्लबला शंभर वर्षं झाली होती. जुन्या खेळाडूंचं प्रदर्शन भरवणार, त्यांच्या वंशजांनी यावं, जुना संच असेल तर आणावा, मैत्रीचा एखादा डाव खेळावा. पत्र लिहिलं होतं मिस्टर हॅलम यांनी. ते शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे मास्तर, आता क्लबचा इतिहास सांभाळत होते. सोबत प्रत्येक खेळाडूच्या फलकावरचा मजकूरही जोडला होता. त्र्यंबकरावांच्या फलकावर १९१३ चा तिसरा क्रमांक होता, आणि खाली ओळ होती: १९२२ साली अप्रामाणिक चालीमुळे त्यांची कारकीर्द संपली.

जगदीश, म्हणजे घरातले अप्पा, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते. बायको गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं.

"एकदा पेपरात छापलं, आता भिंतीला टांगणार," ते म्हणाले. "कल्याणी, तू जाऊ नकोस. जे आहे ते आहे. मला मरेपर्यंत ते पुन्हा ऐकायचं नाही."

"अप्पा, मी गेले नाही तरी ते टांगणारच आहेत. निदान तो शब्द तरी काढायला सांगते."

"कशाच्या जोरावर सांगशील? त्यांनी स्वतः कबूल केलं होतं."

अप्पा त्यानंतर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शनिवारी तिची मुलगी आश्लेषा बेसिंगस्टोकहून आली आणि माळ्यावर चढली. "आई, हा पेटी कोणाचा आहे? किती डस्टी झालाय," असं तिनं वरून विचारलं, आणि तीस वर्षांनी माझ्या डोळ्यांवर उजेड पडला.

किनाऱ्यावरच्या त्या हॉलमध्ये रंग बदलला होता, पण खिडक्या त्याच होत्या. कल्याणी आधी फलकासमोर उभी राहिली आणि मग हॅलमसाहेबांकडे गेली. तिनं सांगितलं की हा शब्द काढा. ते अत्यंत नम्रपणे म्हणाले, मला वाईट वाटतं, पण स्पर्धेच्या वहीत तशी नोंद आहे. तुमच्याकडे उलट पुरावा असेल तर मी आनंदानं बदलीन. तिच्याकडे पुरावा नव्हता. त्यांनी ओशाळून विषय बदलला आणि तिला पटावर बसवलं.

कल्याणी पंचेचाळीस वर्षांनी खेळत होती. बोटं थंड, ऑपरेशनच्या हातमोज्यांची पावडर जिरलेली, पण सवय जुनी. ती प्यादी एकेकच घर पुढं ढकलत होती. हॅलमसाहेबांना वाटलं, बाई जपून खेळतायत. तिचं मन तिथं नव्हतंच, फलकावरच्या शब्दात अडकलं होतं. अशा वेळी माणसाचं डोकं नाही खेळत, हात खेळतात. मला ते ठाऊक होतं आणि माझ्या लाकडातून कळ गेली. तिनं मला उचललं. दोन घरं उजवीकडं, एक घर पुढं.

"राजाला असं जाता येत नाही, डॉक्टर," हॅलमसाहेब म्हणाले.

"एकदा येतं ना," कल्याणी म्हणाली. "आधी शह बसलेला नसेल तर."

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"माझ्या आजोबांनी. आमच्या वाईला असंच खेळत."

हॅलमसाहेब उठले. काचेच्या कपाटातून १९२२ ची वही काढून त्यांनी ती पटाशेजारी ठेवली, आणि एका ओळीवर बोट ठेवून ते बोट तिथंच राहू दिलं. तेच घर, तीच उडी. मग ते म्हणाले की पस्तीस वर्षं मी ही ओळ वाचतोय, आणि हा एका मोठ्या देशाचा खेळ असेल असं मला एकदाही सुचलं नाही, याची मला लाज वाटते. त्यांनी स्वतःच्या हातानं फलक भिंतीवरून उतरवला आणि नवा मजकूर काय लिहू असं विचारलं. कल्याणी म्हणाली, हरले ते राहू द्या, तो डाव ते हरलेच होते. फक्त तो एक शब्द काढा, आणि ती चाल कुठली होती ते लिहा. वही मात्र तिनं मागून घेतली, आणि पहिल्या चालीपासून सोळाव्यापर्यंत सगळा डाव स्वतः मांडून पाहिला.

दुपारी आम्ही ईलिंगला परतलो. अप्पा पुढच्या खोलीत आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर बसले होते. कल्याणीनं त्यांच्यापुढं पट ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. अप्पा टीव्हीकडेच बघत होते.

"चाल कुठली?" त्यांनी विचारलं.

तिनं मला उचलून दाखवलं.

"मूळ घरातून?"

"हो."

"आधी शह बसला होता?"

"नाही, अप्पा. मी सगळा डाव मांडून पाहिला. एकदाही नाही."

अप्पांनी मला हातात घेतलं. बहात्तर वर्षांनी. त्यांची बोटं बापासारखीच कोरडी होती.

"मग चाल बरोबर होती," ते म्हणाले. मग त्यांना रडू फुटलं. "सदतीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, कल्याणी. मी त्यांना एकदाही विचारलं नाही, कुठली चाल होती म्हणून."

त्यांना रडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती मोहरे मांडत राहिली.

आता मी माळ्यावर नाही. रोज चहानंतर अप्पा आणि कल्याणी आम्हाला मांडतात, वाईच्याच रीतीनं. अप्पा सपशेल हरतात, वर लेकीवर रागावतात. हॅलमसाहेबांनी आम्हाला काचेच्या कपाटासाठी मागितलं होतं, पण अप्पांनी साफ नाही म्हटलं. ते बरंच झालं.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस "चूक माझीच होती" म्हणून गप्प बसलं असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा की नेमकं काय झालं होतं. ते हयात आहेत तोवर विचारा. ते गेल्यावर सगळं ठाऊक असलेले आम्ही लाकडाचे तुकडे तेवढे उरतो, आणि आम्हाला कितीही वाटलं तरी तुम्हाला सांगता येत नाही.