अण्णांच्या डोक्यावरची लोकर

मी माळ्यावरची लोकर बोलतेय. मेंढीची नव्हे, काचेची. लोक मला ग्लासवूल म्हणतात. आइंडहोवन नावाच्या थंड, परदेशी शहरातल्या एका जुन्या, रांगेतल्या घराच्या छपराखाली मी सत्तेचाळीस वर्षं पडून होते. मराठी कुठे शिकले म्हणाल, तर खालच्या माणसांचं ऐकून ऐकून. आणि जे सांगायचंय ते सांगताना माझी मान वर होत नाही, हे आधीच कबूल करते.

माझा जन्म भट्टीतला. वाळू आणि काच वितळवून केसांसारखे धागे काढले आणि त्यांच्या गाद्या केल्या. मला तुळयांच्या मधे अंथरणाऱ्या माणसाने जाताना हलकेच थोपटलं होतं. काम एकच होतं, खोलीतली ऊब वर निसटू द्यायची नाही. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. धाग्यांमधे हवा अडकून बसते, ती ऊब राखते. मी फक्त फुगलेलं राहायचं.

तेवढंही मला जमलं नाही. वर्षं गेली तशी मी खचले, उंदरांनी कोपरे पोखरले. नऊ वर्षांपूर्वी यतीन आणि मृदुला या नवरा-बायकोने हे घर घेतलं, तेव्हा कागदावर छपराच्या इन्सुलेशनपुढे 'आहे' असं लिहिलं होतं. मी होते खरी, पण नुसती होते. ती दोघं खाली हरखून खोल्या बघत होती आणि मी वर अंग चोरून पडले होते.

मग मृदुलाने शिडी लावून छतातल्या झडपेतून डोकं वर काढलं. "अय्या, यतीन, इथे मस्त माळा आहे!"

माळा म्हटल्यावर पुढचं ठरलेलंच. मराठी घरातला माळा कधी रिकामा राहिलाय? यतीनचे आई-वडील मिरजेहून दर वेळी काट्यावर तोलून बॅगा भरून आणायचे. चौरंग, पुरणयंत्र, पितळी समया, बुडाला जाड असलेली पातेली. वापरायला सवड नाही आणि टाकवत तर मुळीच नाही. "लागेल कधीतरी," म्हणत एकेक वस्तू माझ्या अंगावर आली. वर रिकाम्या बॅगा. मी पार चपटी झाले.

यतीनची आई दोन वर्षांपूर्वी गेली. या हिवाळ्यात वडील एकटेच आले, तीन महिन्यांसाठी. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माझ्या बरोबर खालची खोली त्यांना दिली. हीटर पूर्ण चालू असायचा, पण ऊब माझ्यातून सरळ वर निघून जायची. अण्णा भरदुपारी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून पलंगावर बसायचे. जिन्यावर पाऊल वाजलं की कानटोपी उशीखाली जायची.

"अण्णा, थंडी नाही ना वाजत?" यतीन दारातूनच विचारायचा.

"छे रे, मजेत आहे."

मी ऐकायचे आणि शरमेने आणखी खचायचे.

तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी तिकीट अलीकडे आणायला सांगितलं. मिरजेची कामं आहेत म्हणाले. यतीनचा आवाज एकदम उतरला. "आई असती तर राहिला असतात तुम्ही. माझ्याकडे तुमचं मन रमत नाही, एवढंच." बापलेकांमधे असं काहीतरी तुटत होतं आणि कारण मी होते. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते.

दोन दिवसांनी बर्फ पडला. सकाळी सगळे अंगणात उभे होते. यतीन म्हणाला, "बघा अण्णा, सगळ्यांची छपरं पांढरी, आपलं मात्र मोकळं! आपल्यावर सूर्याची मेहेरबानी."

अण्णांनी वर पाहिलं. एकतीस वर्षं त्यांनी मिरजेच्या बर्फ कारखान्यात काढली होती.

"सूर्य उगवलाय कुठे? हा बर्फ खालून वितळलाय. वर काय आहे तुझ्या?"

यतीन शिडीवर चढला. मागोमाग, नको नको म्हणत असताना, अण्णाही. त्यांनी झडपेतून हात घालून चौरंग उचलला, खालची मी चिमटीत धरून पाहिली. "अरे, आम्ही भुशात बर्फाच्या लाद्या ठेवायचो. पण भुशावर कुणाला बसू द्यायचो नाही. दाबला की त्यातली हवा जाते, मग भुसा मेलाच."

खालून मृदुला म्हणाली, "आईंनी आणलेलं आहे हो ते सगळं. टाकवेना."

अण्णा चौरंगाकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे माझ्या खोलीत थंडी मीच आणली, बॅगा भरभरून."

यतीन त्यांच्याकडे बघत होता. "अण्णा, म्हणून जाताय तुम्ही?"

"एवढ्या हौसेने घर घेतलंस. थंड आहे म्हणायला तोंड उघडेना."

यतीनला रडू आलं. अण्णांनी दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला, पण मी तर सामान येण्याआधीच खचले होते. तो दोष माझा होता आणि तो एका सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाने उचलला. ही लाज मला अजून सलतेय.

तिकीट पुन्हा पुढे गेलं. समया हॉलमध्ये आल्या, चौरंगावर अण्णांचा चहा ठेवतात. मास्क लावलेल्या दोन माणसांनी येऊन मला पोत्यांत कोंबून खाली उतरवलं आणि माझ्या जागी माझ्या दुप्पट जाडीची लोकर अंथरली.

आता मी फाटकापाशी, कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी आहे. आज पुन्हा बर्फ पडलाय. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी आपलं छप्पर बाहेरून बघतेय. ते अगदी पांढरं आहे. वरच्या खिडकीत अण्णा बसलेत, कानटोपी न घालता.

जाता जाता एवढंच मागते. तुमच्या माळ्यावर काय दाबून ठेवलंय ते एकदा बघा. आणि घरातलं म्हातारं माणूस "मजेत आहे" म्हणालं, तर दारातून परत फिरू नका. आत जाऊन घटकाभर त्याच्या पलंगावर बसा.