खांद्यावरची पांढरी टिकली

शाहूपुरीतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर छायामहाराज, पुढ्यात माईक, बाजूला घरघरणारा टेबलफॅन आणि मागं पडद्यावर ताजे फोटो. प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी डोक्याशी नाहीतर खांद्याशी पांढरी गोल टिकली. टिकली म्हणजे गेलेलं माणूस. लोक हात जोडत होते, रडत होते, आणि मी दातओठ खात उभी होते.

कारण राजारामपुरीत माझं कॅमेऱ्याचं दुकान. शिकले कॅमेरे उघडून, बिघडवून. पण हल्ली लग्नाला कुठली लेन्स, मुलाखतीला कुठला माईक, हे कुणी विचारेना. सगळ्यांना हवा आत्मा दिसणारा कॅमेरा. महाराजांचा नियमच तसा. कॅमेरा छोटा, फ्लॅश लेन्सला चिकटलेला; मोठ्या कॅमेऱ्याला म्हणे गर्व असतो. माईकवरची फोमची टोपी काढायची, आत्मा गुदमरतो. मी समजावून थकले. “आक्का, तुमचा इश्वास न्हाय म्हणून तुमास्नी दिसत न्हाय,” असं मलाच ऐकवून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात.

माझ्या शेजारच्या शालूबाईही त्यातल्याच. त्यांचा लेक धैर्यशील अपघातात गेला. सून वर्षाराणी नर्सिंग शिकली, सोमवारी इचलकरंजीच्या एका दवाखान्यात रुजू व्हायची होती. मागच्या बैठकीला टिकली नेमकी तिच्या खांद्यावर बसली. महाराज म्हणाले, नवरा अडवतोय. झालं, सासूनं तिची भरलेली बॅग तिलाच माळ्यावर टाकायला लावली. आज शेवटचं विचारायला दोघी आल्या होत्या. सोबतीला मी, माझी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला.

नाव पुकारलं. महाराजांनी मूठभर हळदीचा भंडारा दोघींवर उधळला. चेल्यानं फोटो काढला. पडद्यावर वर्षाराणीच्या खांद्यापाशी टिकली. महाराजांनी माईक बाजूला सरकवला, आणि स्पीकरमधून घों घों आवाज.

“श्वास ऐका, माउली. घर सोडू नको म्हणतोय.”

शालूबाईंनी तोंडाला पदर लावला. सुनेनं मान खाली घातली.

मला राहवेना. महाराजांपुढच्या ताटातला भंडारा उचलून मी दाराशी गेले, चपलांच्या ढिगावर उधळला आणि पिशवीतल्या छोट्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. पुढच्या रांगेला दाखवला. टिकल्याच टिकल्या. मग पुन्हा भंडारा, पण या खेपेला मोठा कॅमेरा आणि फ्लॅश लेन्सपासून हातभर लांब धरलेला. एकही टिकली नाही.

“ह्या पायताणांवर कुणाचं पूर्वज बसल्यात, महाराज?”

हॉलमध्ये हशा पिकला. महाराज हलले नाहीत. फोटो राहू द्या, म्हणाले, श्वास तर खोटा नाही ना?

तेव्हा वर्षाराणी उठली. मंचावर चढली आणि तिनं पंखा बंद केला. घों घों थांबलं. शंका घेतली की आत्मा निघून जातो, असं महाराज सांगू लागले, तोवर तिनं पंखा लावला. आत्मा परत आला. पुन्हा बंद. पुन्हा गेला.

शालूबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

“बटनावर चालतोय व्हय माजा धैर्या?”

कुणी हसलं नाही. मग मी सांगितलं. फ्लॅश लेन्सला खेटून असला की लेन्ससमोर तरंगणारा हळदीचा कण लख्ख उजळतो, आणि जवळ असल्यानं धुरकट गोल दिसतो. उघड्या माईकवर पंख्याचा वारा आदळला की घों घों होतं; टोपी त्यासाठीच असते. घरी जाऊन पिठाची चिमूट उडवा, स्वतः करून बघा. माझंही नुसतं ऐकू नका. गेलेल्या माणसाच्या नावानं जित्या माणसाला कुणी अडवलं, तर निदान एकदा पंखा बंद करून बघा.

आम्ही पायऱ्या उतरलो. रिक्षाला हात करायच्या आधी शालूबाई थांबल्या. सुनेच्या खांद्यावर अजून भंडारा होता. त्यांनी तो पदरानं हळूहळू झटकला, अगदी स्वच्छ होईपर्यंत.

“माळ्यावर माजा हात पोचत न्हाय,” त्या म्हणाल्या. “बॅग तूच काढ.”