एका गॅरेजला अख्ख्या घराचा बॉयलर

मी बॉयलर बोलतोय, आणि आज गोड बोलणार नाही. मिनेसोटातल्या ऑर्विलच्या अंगणात बर्फात उताणा पडलोय आणि येणारा-जाणारा म्हणतो, "हाच का तो बिघडलेला?"

अरे, मला निवडलं कुणी ते तरी विचारा!

ऑर्विलच्या गॅरेजच्या काँक्रीटमध्ये पाण्याचे पाइप पुरलेत. त्यातलं पाणी तापवून फरशी ऊबदार ठेवायची, एवढंच काम. आणि ते हौसेचं नव्हतं. त्याच्या बायकोचे, लॉरेनचे, गुडघे गेलेले. गाडीवरचा बर्फ वितळून खाली सांडतो. फरशी गार असली की ते पाणी पुन्हा गोठतं, आणि तिला गाडीतून उतरून त्यावरूनच घरात जायचं असतं.

दुकानातल्या बाईंनी नीट विचारलं होतं. गॅरेज केवढं, ऊब जमिनीत जाऊ नये म्हणून फरशीखाली थर्माकोल आहे का, दार केवढं. उत्तरं ऐकून त्यांनी एका छोट्या बॉयलरकडे बोट दाखवलं.

"छे हो! आमच्याकडे पाहुणा निघाला की दार उघडं टाकून तासभर गप्पा चालतात," ऑर्विल म्हणाला.

"चालू देत की. काँक्रीट ऊब धरून ठेवतं. दार लावलं की गॅरेज पुन्हा तापेल."

पण ऑर्विलच्या डोक्यात मेहुणा बसला होता. "डेलमरकडे आहे ना, त्याहून मोठा द्या."

म्हणून मी आलो. अख्खं घर तापवणारा गडी एका गॅरेजला जुंपला! पेटलो की लगेच पाणी कढत, की लगेच बंद. पुन्हा पेट, पुन्हा विझ. वर हा पाहुण्यांना आणून दाखवायचा, "बघा, काय ताकद आहे!" माझा नुसता तळतळाट व्हायचा. ठिणगी पाडणारा भाग झिजत गेला आणि ऐन जानेवारीत एका सकाळी मी पेटलोच नाही.

संध्याकाळपर्यंत फरशी गार पडली, सांडलेलं पाणी गोठलं. लॉरेन गाडीतून उतरली आणि घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिचं ओरडणं मी भिंतीवरून ऐकलं आणि मला काही करता आलं नाही.

"भिकार माल!" ऑर्विल मलाच शिव्या घालत सुटला.

हॉस्पिटलच्या पलंगावरून लॉरेन कडाडली, असं नंतर ऑर्विलच्याच तोंडून ऐकलं. "माल चांगला होता, ऑर्विल. तुला माझे गुडघे दिसलेच नाहीत, माझ्या भावाचा बॉयलर दिसला. आता छोटा आण, नाहीतर मी त्या घरात पाऊल टाकणार नाही."

छोटा आला. तो दिवसभर मंद चालतो. लॉरेन वॉकर धरून कोरड्या फरशीवरून जाते, ते मला उघड्या दारातून दिसतं. तिच्यासाठी बरं वाटतं. बाकी माझा राग काही जात नाही.

कारण काल डेलमर आला. माझ्याभोवती चक्कर मारून त्यानं मला बुटानं ढोसलं.

"दाजी, फेकताय कशाला? एक पार्ट बदलला की पळेल. माझ्याकडच्या बॉयलरहून मोठा आहे ना? मग मी नेतो."

"ने बाबा, ने," ऑर्विल म्हणाला.

अहो, त्याचं गॅरेज ह्याच्याहून लहान आहे! आणि त्या फरशीवरून त्याची आणि लॉरेनची म्हातारी आई काठी टेकत घरात जाते. मला गाडीत चढवायच्या आधी कुणीतरी टेप घ्या आणि ते गॅरेज मोजा!