दोन माणसांची खोली

फोनवर लॉजच्या बाईने विचारलं, "किती जणं?" आणि तो सवयीने बोलून गेला, "दोघं." एकतीस वर्षं जिभेवर बसलेला शब्द. फोन ठेवल्यावर चूक लक्षात आली, पण पुन्हा फोन लावून सांगणार काय? बायकोला जाऊन चार महिने झाले आणि मी अजून दोघंच म्हणतो, असं? राहू दे, म्हणाला.

तो गळक्या छपरांचा कारागीर. डांबर, पत्रे, शिडी. पावसाळ्यात त्याला जेवायला फुरसत नसे. आणि बायकोची एकच मागणी, तीही नेमकी पावसाळ्यातली. एका डोंगरावर जाऊन चार दिवस धुक्यात नुसतं बसायचं. तिथल्या लॉजचा नंबर तिने कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने पेन्सिलीने लिहून ठेवला होता. "लोकांची छपरं कोरडी करून झाली की माझ्याकडे बघा," ती म्हणायची. हा म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. मागच्या पावसाळ्यात तर तिने बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती. तेवढ्यात कुणाचं तरी गोदाम गळायला लागलं आणि हा शिडी खांद्यावर टाकून निघाला. परत आला तेव्हा बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती.

तो पोचला तेव्हा लॉज रिकामंच होतं. चावी घेऊन एक पन्नाशीची बाई आली, उजव्या गुडघ्याने लंगडत.

"या काका. पावसाळ्यात इथं मीच मॅनेजर, मीच आचारी, आणि कुणी आलं नाही तर मीच गिऱ्हाईक. काकू कुठायत?"

तिथंच खरं सांगायचं होतं.

"मागून येतेय," तो म्हणाला. "बाराच्या गाडीने."

खोलीत दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप. तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला. बारा वाजायच्या सुमारास त्याला खाली उतारावर ती बाई दिसली. एक छत्री डोक्यावर, दुसरी मिटलेली काखेत. एकेक पाऊल जपून टाकत स्टँडकडे चालली होती. कशासाठी, ते त्याच्या ध्यानात आलं. हाक मारायला हवी होती. मारली नाही.

तासाभराने ती दारात उभी राहिली. साडी गुडघ्यापर्यंत चिंब.

"काकू नव्हत्या हो गाडीत. चुकली असेल. चारच्या गाडीला जाते परत."

"तुम्ही कशाला जाता, ताई?"

"उतार शेवाळलाय. नवं माणूस हमखास आपटतं. मागच्या वर्षी मीच आपटले, तेव्हापासून हा गुडघा असा. जेवून घ्या, त्यांचं झाकून ठेवते."

तो जेवायला बसला. शेजारी झाकलेलं ताट. दुपारभर त्याने दहा वेळा उठून दाराची कडी काढली आणि परत लावली. घड्याळात पावणेचार झाले आणि उतारावर पुन्हा दोन छत्र्या दिसल्या, तेव्हा मात्र तो तसाच अनवाणी धावत सुटला.

ती स्टँडच्या पत्र्याखाली उभी होती.

"ताई, ती येणार नाही. ती वारली. चार महिने झाले."

बाईने त्याच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"मग मला दोनदा कशाला उतरवलंत?"

"तिला इथं यायचं होतं," तो म्हणाला. "दर वर्षी म्हणायची. मी आणलं नाही."

तेवढ्यात गाडी आली. दार उघडलं. बाईने सवयीने दाराकडे पाहिलं, आणि त्यानेही पाहिलं. कुणी उतरलं नाही. दार लागलं, गाडी पुढे गेली. आपणही वाट बघत होतो, हे त्या बाईला दिसलं असणार. त्याला वर बघवेना.

तिने काखेतली छत्री त्याच्या हातात दिली. "उघडा. भिजू नका." आणि वळून चढायला लागली.

चढावर ती दर चार पावलांवर गुडघा धरून थांबत होती. "ताई, माझा हात धरा," तो मागून म्हणाला.

"नको. येते मी," ती म्हणाली. मग, मागे न बघता, "रात्री एकाचंच रांधायचं ना?"

"हो," तो म्हणाला. "एकाचंच."