गोडा म्हणजे गोड नव्हे

नंदाचा गोडा मसाला व्हॅनिला आइस्क्रीमवर भुरभुरून प्रसन्नने चमचा दुकानाच्या मालकिणीपुढे धरला, तेव्हा मी हळूच म्हणालो, "अरे, त्यात हिंग आहे."

"बाबा, प्लीज," तो पुटपुटला.

नंदा माझी धाकटी बहीण. वाईला घरामागच्या शेडमध्ये पाच बायकांना घेऊन मसाले करते. परदेशी पाठवलेला हा तिचा पहिला माल. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या दुकानाने घेतला तर ठीक, नाहीतर शेड बंद, असं तिने सांगितलं होतं. इथली विक्री माझ्या मुलाने अंगावर घेतली आणि पुड्यांवर छापलं, 'स्वीट स्पाइस'. गोडा म्हणजे गोड नव्हे, हे मी त्याला सांगितलं होतं. "आय नो, बाबा. पण स्वीट विकतं." धंद्यातलं मला काय कळतं, असं वाटून मी पुढे बोललो नाही.

मालकिणीने घास कागदी रुमालात थुंकला आणि हसून म्हणाली, "इंटरेस्टिंग." इथे नकार असाच देतात.

पार्किंगमध्ये प्रसन्नने स्पीकरवर फोन लावला. "आत्या, सॉरी गं. इथल्या लोकांना तुझी टेस्ट झेपत नाही. हिंग, दगडफूल काढ, साखर घाल."

"माझंच काही चुकलं का रे?" नंदाचा आवाज अगदी बारीक झाला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी फोन ओढून घेतला. "तुझं काही चुकलं नाही. या शहाण्याने तुझा मसाला आइस्क्रीमवर घातला!"

"कशावर?"

"आइस्क्रीमवर!"

"मेल्या प्रसन्न!"

"आत्या, ते ब्रँडिंग असतं..."

"ब्रँडिंग घाल चुलीत! माझ्या हातची आमटी ओरपायचास, तेव्हा साखर मागितलीस कधी?"

"मग तुम्हीच विका ना!" प्रसन्न माझ्यावर खेकसला.

"विकतो," मी ओरडलो आणि स्वतःच दचकलो.

मी परत आत गेलो. जन्मभर इंग्रजी पुस्तकं वाचली, पण काउंटरपाशी एक धड वाक्य जुळेना. भीतीने की रागाने, कोण जाणे.

"मॅडम, नॉट स्वीट. माय सन लाइड. टुमॉरो आय ब्रिंग आमटी. लेंटिल्स. हॉट."

तिने पुडा उलटसुलट पाहिला, मग काचेतून बाहेर प्रसन्नकडे. "व्हॉट टाइम?"

"लंच," मी म्हणालो.

प्रसन्नने गाडी सुरू केली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"डाळ घ्यायला थांब," एवढंच म्हणालो.