आमच्याकडे आहे

शनिवारची सकाळ. आखातातल्या खलिफा सिटीतल्या फ्लॅटमध्ये साबुदाण्याची खिचडी परतत अपर्णा लेकीचा अभ्यास घेत होती. आठवीतल्या ओवीला वर्गात उभं राहून बोलायचं होतं: गुलामगिरीच्या भांडणातून अमेरिकेत यादवी युद्ध कसं पेटलं. अपर्णा लग्नाआधी पुण्यात इतिहास शिकवायची, त्यामुळे बाई अगदी रंगात आल्या होत्या.

"दक्षिणेत गुलाम होते, उत्तरेत नव्हते. उत्तरेतली बरीच माणसं म्हणायची, आमचे हात स्वच्छ आहेत, आम्हाला काय त्याचं! आणि त्याच गुलामांनी पिकवलेल्या कापसाचे कपडे घालायची. मग कायदा आला. पळालेला गुलाम तुमच्या दारात आला तर त्याला मालकाच्या हवाली करायचं. मदत केलीत तर शिक्षा. झालं! लांबचं भांडण घराघरात शिरलं. कोणी दार उघडलं, कोणी लावून घेतलं. दुही वाढत गेली आणि शेवटी देश आपसांत लढला."

"सो पीपल अ‍ॅक्चुअली गेव्ह देम बॅक?"

"दिले ना कित्येकांनी."

"वुड यू?"

"काहीतरीच काय विचारतेस! जीव गेला तरी दिलं नसतं," असं म्हणून अपर्णानं कढईवर झाकण ठेवलं. बोलायला काय जातं म्हणा!

तेवढ्यात बेल वाजली. दारात प्रमिला उभी. पलीकडच्या गल्लीतल्या व्हिलात, शलाकाकडे राहून घरकाम करणारी, लांज्याकडची बाई. उन्हातून चालत आल्यानं चेहरा लालबुंद झालेला आणि पायांत घरातल्या सपाता.

"वैनी, येऊ काय आत?"

आत येऊन ती चपलांच्या कपाटाशी खालीच बसली. ओवीनं खुर्ची ओढली, पाणी आणलं. प्रमिला खुर्चीवर काही बसली नाही.

"पोरीचे दिवस भरलेत, वैनी. पयलं बाळंतपण आईनं नको करायला? शलाकावैनी म्हनल्या होत्या, धाडते. आता नणंदेकडचे पावणे येनार, तर म्हनतात दिवाळीनंतर बघू. पासपोर्ट त्यांच्या कपाटात. काल फोनवर रडले तर मोबाईल पन काढून घेतला. पोर म्हनते, आये, तू न्हाईस तर मला भ्या वाटतं. सोमवारी कामगारांच्या सरकारी हापिसात जाऊन तक्रार करीन. तवर ऱ्हाऊ द्या. पडंल ते काम करीन."

"बस गं निवांत. मी आहे ना," अपर्णा म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली हो, खोटं कशाला सांगा! आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली.

ओट्यावरचा मोबाईल वाजला. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या ग्रुपवर शलाकाचा मेसेज होता: 'आमची प्रमिला पळाली. कोणाकडे आली असेल तर प्लीज!'

या बायकांचा एक अलिखित नियम होता. दुसरीकडची कामाची बाई पळून दारात आली तर थारा द्यायचा नाही, लगेच कळवायचं. एका हळदीकुंकवाला तो ठरला, तेव्हा तिळाची वडी तोंडात टाकत अपर्णानंही मान डोलावली होती. तिच्याकडे कुठे बाई होती? मान डोलवायला तिचं काही खर्च होत नव्हतं. शिवाय शलाकाचा नवरा दत्तप्रसाद म्हणजे अपर्णाच्या नवऱ्याचा, वासुदेवचा साहेब.

अपर्णानं टाइप केलं, 'आमच्याकडे आहे.' बोटानं पाठवूनही दिलं. आणि मग तिनं चहात आलं किसून घातलं. कळवलंही, आणि चहाही फक्कड केला!

प्रमिलाचा चहा अर्धा झाला नसेल, शलाका गाडीची किल्ली फिरवत दारात.

"अगं प्रमिला, काय घाबरवलंस आम्हाला! यल्ला, चल, गाडी खाली आहे. घरच्यासारखं ठेवतो गं हिला, अपर्णा, पण यांना किंमतच नसते."

प्रमिलानं शलाकाकडे पाहिलंच नाही. तिनं अपर्णाकडे पाहिलं. मग उठली, उरलेला चहा मोरीत ओतला, कप विसळून पालथा घातला.

"येते वैनी," म्हणाली आणि गेली.

"मॉम, यू टोल्ड हर," ओवी म्हणाली.

"अगं, तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे. आपण कशाला..." बोलता बोलता अपर्णा थबकली. मघाशी उत्तरेतल्या माणसांच्या नावावर घातलेलं वाक्य आता तिच्याच तोंडात होतं.

आतल्या खोलीतून सगळं ऐकत असलेला वासुदेव म्हणाला, "बरं केलंस. खलास, विषय संपला. उगाच माझ्या जॉबवर यायचं."

ओवीनं लॅपटॉप मिटला. "आय डोन्ट वॉन्ट युअर हेल्प."

अपर्णाला लाज वाटली. नवऱ्याची नाही, शलाकाची नाही, स्वतःची. मोरीशेजारी तो पालथा कप होता आणि तिला त्याच्याकडे पाहवेना. तिनं गॅस बंद केला, पर्स उचलली आणि चालतच शलाकाचं घर गाठलं.

प्रमिला पाहुण्यांसाठी पुऱ्या लाटत होती.

"शलाका, हिचा पासपोर्ट दे. तो आपण ठेवायचा नसतो. इथला कायदाही तेच सांगतो."

"वेड लागलंय का तुला? सगळेच ठेवतात! वासुदेवच्या नोकरीचा तरी विचार कर."

"मघाशी तोच केला होता. आता देतेस, की पोलिसांना फोन लावू?"

शलाकाचा चेहरा उतरला. आत जाऊन तिनं पासपोर्ट आणला आणि टेबलावर आपटला. "आजपासून तुझा-माझा संबंध संपला."

"संपू दे," म्हणत अपर्णानं तो प्रमिलापुढे धरला. "चल गं."

प्रमिलानं पासपोर्ट घेतला, पोटाशी धरला. पण जागची हलली नाही.

"वैनी, परत कोनाला कळवनार न्हाई ना?"

अपर्णाची मान खाली गेली. कोणत्या तोंडानं शपथ घ्यायची? तिनं पर्समधला स्वतःचा मोबाईल काढला, उघडून प्रमिलाच्या पिठाळ हातात ठेवला.

"हा तुझ्याजवळच राहू दे. आधी लेकीला लाव."

प्रमिलानं बोटं पदराला पुसली, आकडे दाबले. पलीकडे पोरीचा आवाज आला, "आये? कुटं हाईस तू?"

प्रमिलानं उत्तर द्यायच्या आधी एकदा अपर्णाकडे पाहिलं. विश्वास ठेवावा की नाही, हे ती अजून ठरवत होती.