पाच नंबरची वायर

सोलरभाऊला त्या घरातून तिसऱ्यांदा फोन आला, तेव्हा तो दुसऱ्याच कुणाच्या गच्चीवर पॅनेल पुसत होता.

"भाऊ, आज परत गेली," पलीकडून ताई म्हणाल्या. "चार वाजून दहा मिनिटांनी. आता घड्याळ बिघडलं तरी चालेल आम्हाला, लाइट गेली की चार-दहा झाले म्हणायचं."

त्या हसल्या, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

त्या घरात दोघीच राहायच्या. वहिनी आणि त्यांची नणंद, म्हणजे ताई. वहिनींचे यजमान वर्षापूर्वी गेले. फुप्फुसांचं दुखणं जुनं होतं, शेवटची दोन वर्षं तर ऑक्सिजनच्या मशीनवरच काढली. त्या मशीनसाठीच सोलर बसवलं होतं आणि ते बसवलं होतं सोलरभाऊनेच: गच्चीवर सहा पॅनेल, जिन्याखालच्या कपाटात इन्व्हर्टर आणि बॅटरी. माणूस गेला, मशीन परत गेलं, सोलर तेवढं राहिलं. आता गेले बारा दिवस ते रोज दुपारी 'लो बॅटरी' म्हणून ओरडायचं आणि बंद पडायचं. वर ऊन रणरणत असायचं. बॅटरी नव्वद टक्के भरलेली असायची.

पहिल्या खेपेला त्याने बॅटरीची टोकं घासूनपुसून आवळली. शंभरात नव्वद वेळा दुखणं तिथेच असतं. फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःकडची तपासलेली बॅटरी आणून लावली. तीही चार-दहाला पडली. जखम डोक्याला आणि मलम गुडघ्याला, असं आपलं चाललंय, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तो तीन वाजताच आला आणि जिन्याखाली बैठक मारून बसला.

ताईंनी स्टूल ओढलं आणि त्याही बसल्या. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. बारा दिवसांत त्या एकदाही जिन्यापाशी आल्या नव्हत्या.

"सेटिंग बघितलं?" ताईंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनाही चार शब्द येऊ लागले होते.

"पहिल्याच दिवशी. कट-ऑफ अठ्ठेचाळीसवर आहे. बॅटरी तिथपर्यंत उतरली की इन्व्हर्टरने बंद व्हायचं. बरोबर आहे ते."

घरातला फ्रिज, पंखे, दिवे, सगळं त्याने आधीच बंद करून ठेवलं होतं. इन्व्हर्टरच्या पडद्यावर लोड शून्य. बॅटरी साडेत्रेपन्न व्होल्ट. कपाटात इन्व्हर्टरच्या बारीक गुणगुणण्याशिवाय आवाज नव्हता.

तीन एकोणसाठला लोड तीनशे चाळीस वॅट झाला.

मधले आकडे आलेच नाहीत. शून्य होता, तीनशे चाळीस झाला.

"ताई, काही लावलं का कुणी?"

"कोण लावणार? मी इथे, वहिनी आत."

त्याने एकेक स्विच पाडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार. आकडा ढिम्म हलला नाही. पाच पाडला आणि लोड शून्य. पाच उचलला, परत तीनशे चाळीस.

"पाच नंबर कुठे जातो?"

ताईंचा चेहरा उतरला. "दादाच्या खोलीत."

खोलीला बाहेरून कडी होती. आत गादी काढलेला पलंग, भिंतीशी एक खुर्ची आणि उशाच्या उंचीवर एकच सॉकेट. सॉकेटमध्ये काही खोचलेलं नव्हतं. सॉकेटच्या आतच जळत असेल, असं त्याला वाटलं. स्विच पाडून त्याने सॉकेट उघडलं, वायरी सोडवल्या, टोकं एकमेकांपासून वीतभर लांब वाकवून ठेवली आणि ताईंना ओरडून सांगितलं, "पाच उचला!"

मग चिमट्याचा मीटर त्याने एका वायरीभोवती लावला. हा मीटर वायरीला न कापता तिच्यातून किती करंट जातोय ते सांगतो.

दीड अँपिअर.

त्याने मीटर काढला, झटकला, परत लावला. दीड. समोर वायरीचं उघडं टोक हवेत होतं. तांबं चमकत होतं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं आणि त्यातून करंट जात होता. नळ नसलेल्या पाइपातून पाणी जावं आणि जमीन मात्र कोरडी राहावी, तसं.

पंचवीस वर्षांत असं त्याने पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. आणि मग त्याला दिसलं, की आकडा स्थिर नाही. एक पॉइंट चार, मग एक पॉइंट सहा. परत चार. परत सहा.

"सात सेकंद," मागून आवाज आला.

वहिनी दारात उभ्या होत्या. हात ओले होते, पुसायचे राहिले होते.

"वर जातं, खाली येतं. ह्यांचं मशीन असंच फुसकारायचं. दर सात सेकंदांनी. दोन वर्षं मी त्याच आवाजावर झोपले, भाऊ. मला मोजावं लागत नाही."

जिन्याखालून ताईंची हाक आली, "भाऊ, उतरतंय! लवकर या!"

तो धावला, मागोमाग वहिनीही जिन्यापाशी आल्या. व्होल्टेज डोळ्यांदेखत घसरत होतं. तीनशे चाळीस वॅटला ही बॅटरी दहा-बारा तास सहज पुरती, पण इथे कुणीतरी पिऊन टाकल्यासारखी ती उतरत होती. बावन्न पॉइंट तीन. बावन्न पॉइंट एक. बावन्न पॉइंट शून्य.

शिट्टी वाजली. पडदा लाल झाला. 'लो बॅटरी.' खट्ट.

चार वाजून दहा मिनिटं.

"अठ्ठेचाळीसला बंद होतं म्हणालात ना?" ताई म्हणाल्या. "हे तर बावन्नला झालं."

बावन्न हा आकडा सोलरभाऊच्या ओळखीचा होता.

सोलर बसवलं त्या दिवशी त्यानेच कट-ऑफ बावन्नवर नेला होता, बंद होतं की नाही ते चटकन तपासायला. तपासून झाल्यावर तो खाली आणायचा असतो. नाही आणला, तर अर्धीअधिक बॅटरी शिल्लक असतानाच ती 'संपली' म्हणून यंत्र घर बंद करतं. त्या दिवशी घाई होती, आणखी एक काम वाट बघत होतं. यजमान गेल्यावर पंधरा दिवसांनी तो सर्व्हिसिंगला आला, तेव्हा पडद्यावर बावन्न दिसलं. त्याने गुपचूप अठ्ठेचाळीस केलं, चहा घेतला, दोघींचं सांत्वन केलं आणि निघून गेला. माणूस दुखण्याने गेला, असंच त्याने ऐकलं होतं. कसा, किती वाजता, हे त्याने विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, ते आत्ता त्याला कळलं.

"ताई," तो म्हणाला, "दादा गेले तेव्हा काय झालं होतं?"

ताईंनी वहिनींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मेन लाइन दोन दिवस गेलेली होती. वहिनी औषधं आणायला गेल्या होत्या. मी इस्त्री केली. वहिनी सांगून गेल्या होत्या, जड काही लावू नका, आणि मी लावली. एकच साडी. तेवढ्यात सगळं बंद झालं, चार वाजून दहा मिनिटांनी. सिलिंडर होता, पण त्याची चावी मला फिरेना. हात सोलून निघाले. दादा माझ्याकडे बघत होता. वहिनींना मी म्हटलं, बॅटरी आपोआप संपली. इस्त्रीचं सांगितलंच नाही. वर्षभर एका ताटात जेवते मी वहिनींसोबत."

"मला माहीत होतं, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "साडी गरम होती."

सोलरभाऊला वाटलं, आता उठावं, पिशवी उचलावी आणि 'इन्व्हर्टर बदलायला लागेल' म्हणून निघावं. कुणाला कळणार होतं? त्याने पिशवीच्या बंदाला हात घातलासुद्धा.

"इस्त्रीने नाही झालं ते," तो म्हणाला. "इस्त्री चालवूनही मशीन रात्रभर चाललं असतं. बॅटरी संपली नव्हती. माझ्यामुळे बंद झालं."

आणि त्याने सगळं सांगितलं. बावन्न, अठ्ठेचाळीस, घाई, चहा. सांगताना त्याने दोघींकडे पाहिलं नाही, लाल पडद्याकडे पाहत राहिला.

ताई स्टुलावरून खाली जमिनीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. वहिनी रडल्या नाहीत.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, मी..."

"आधी चालू करा."

त्याने चालू केलं. लोड लगेच आला, तीनशे चाळीस. व्होल्टेज परत उतरायला लागलं. बावन्न पॉइंट एक, बावन्न. त्याने श्वास रोखला. एकावन्न पॉइंट नऊ. शिट्टी वाजली नाही. एकावन्न पॉइंट आठवर आकडा थांबला आणि थांबूनच राहिला.

वहिनी वळल्या, त्या खोलीत गेल्या, भिंतीजवळची खुर्ची पलंगाशी ओढून बसल्या. थोड्या वेळाने ताईही गेल्या. सोलरभाऊ जिन्याखालीच होता. अंधारून आलं तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही. आठ वाजायच्या सुमाराला पडद्यावरचा आकडा हळूहळू खाली यायला लागला. तीनशे, दोनशे, साठ, दहा. शून्य.

आतून वहिनींचा आवाज आला, "झालं."

त्या बाहेर आल्या तेव्हा त्याने हात जोडले. "तुम्ही म्हणाल ती शिक्षा."

"मी कोण शिक्षा देणार?" त्या म्हणाल्या. "पण भाऊ, आमच्याकडे आता येऊ नका. दुसरा कुणी पाठवा."

त्यानंतर ते घर कधी बंद पडलं नाही, असं दुसऱ्या मेकॅनिकने त्याला सांगितलं. पाच नंबरची वायर मात्र वहिनींनी काढू दिली नाही.

सोलरभाऊने जुन्या वह्या काढल्या आणि तो त्या वर्षी सोलर बसवलेल्या एकेका घरी जायला लागला. एकेचाळीस घरं होती. एकोणचाळीस ठिकाणी आकडा बरोबर निघाला. दोन ठिकाणी बावन्न होता, त्यातलं एक अगदी शेवटचं घर; तो त्याने अठ्ठेचाळीस केला. शेवटच्या घराच्या मालकाला त्याने आपली चूक जशीच्या तशी सांगितली. मालक हसला, म्हणाला, "एवढंच ना? त्यात काय एवढं! बसा, पाणी घ्या."

सोलरभाऊने पाणी उभ्यानेच घेतलं. आतल्या खोलीत कुणीतरी म्हातारं माणूस खोकत होतं. ते खोकणं थांबून श्वास नीट लागेपर्यंत तो दारात उभा राहिला, आणि मग जिना उतरला.